मोटारीतल्या वाऱ्याची दिशा

सत्तावन्न सालच्या पावसाळ्यात पुण्याहून मुळशीकडे येणाऱ्या सर्व्हिस मोटारीच्या खिडक्यांना काचा नव्हत्या. प्रत्येक खिडकीवर ताडपत्रीचा गुंडाळलेला पडदा असे. पाऊस आला की तो खाली सोडायचा आणि दोन चामडी पट्ट्यांनी खालच्या गजाला आवळायचा. पौडच्या पुढे पाऊस थांबतच नाही, त्यामुळे आषाढ-श्रावणात हे पडदे वर गेलेले फारसे कोणी पाहिलेले नव्हते.

त्याच पावसाळ्यात फ्लू आला. मी तेव्हा पुण्यातल्या एका दैनिकात बातमी विभागात होतो. इंग्रजी तारा आणि सरकारी पत्रके मराठीत आणणे हे काम. उन्हाळ्यात पहिल्या तारा परदेशी बंदरांच्या होत्या. मग मद्रासची आली, मग मुंबईची. टेबलावर बसल्या जागी गावांची नावे जवळ येताना दिसत होती. एके दिवशी तार आमच्याच शहराची होती, आणि दुसऱ्या दिवशी तार आणून देणारा माणूस कामावर आला नाही. जे आले ते कोणाच्या नजरेस पडले नव्हते. समुद्र ओलांडून, आगगाडीच्या डब्यांतून, माणसांच्या श्वासावर बसून ते काही आठवड्यांत आमच्या जिन्यापर्यंत पोहोचले होते. भीती वाटली, पण तिच्याआधी मी थक्क झालो होतो. इतका लांबचा प्रवास, आणि ओझे काहीच नाही.

सरकारी पत्रक आले ते मी भाषांतरित केले. हा आजार हवेतून पसरतो, गर्दी टाळावी, खोकताना तोंडावर रुमाल धरावा, असे त्यात होते. शेवटचे वाक्य मोटारी आणि आगगाड्यांबद्दल होते: प्रवासात खिडक्या उघड्या ठेवाव्यात. रकान्यात जागा कमी पडली. बातमी शेवटाकडून कापायची, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. मी ते वाक्य कापले.

त्यानंतरच्या आठवड्यात पुण्याच्या सूतिकागृहातून निरोप आला. माझी वहिनी तिथे बाळंत झाली होती आणि आई तिच्याजवळ होती. मुलगी दहा दिवसांची होती. डॉक्टरांनी सांगितले की दोन परिचारिका तापाने पडल्या आहेत, शेजारच्या खाटेवरची बाई खोकते आहे, आजच घरी न्या. भाऊ गावी भाताच्या आवणीत, रोपांच्या लावणीत, गुंतला होता. मी रजा टाकली.

हे वहिनीचे तिसरे बाळंतपण. पहिला मुलगा महिन्याचा होऊन गेला, दुसरा पाच महिन्यांचा. दोघेही पावसाळ्यात, दोघेही खोकला आणि तापाने. दुसऱ्याच्या नंतर घरात कोणी त्याबद्दल बोलत नसे. ही तिसरी मुलगी घरापर्यंत नेणे, एवढेच त्या दिवशीचे काम होते. त्यासाठी मोटारीशिवाय दुसरे साधन नव्हते.

मोटार भरलेली होती. पडदे आवळलेले होते. आत ओल्या घोंगड्यांचा, तंबाखूचा आणि माणसांचा वास साचला होता.

“बाळंतीण हाय रं, जागा द्या,” आई दारातूनच म्हणाली.

सगळी मोटार सरकली. पुढच्यांनी बोचकी उचलली, मागच्यांनी पाय घेतले. बाळंतिणीला वारे लागू नये म्हणून तिला बरोबर मधल्या बाकावर बसवण्यात आले. दोन्ही बाजूंना माणसे, पुढे-मागे माणसे. तिथे एका पडद्याची पट्टी तुटलेली होती आणि फटीतून थोडी हवा येत होती. त्या जागेवर बसलेला माणूस मुंबईच्या गिरणीतला. आजारी पडल्यामुळे गावी निघालेला, डोळे लाल. तो उठला आणि फटीला पाठ लावून उभा राहिला.

“बसा वैनी. मी हितं हुबा ऱ्हातो. वारं लागायचं न्हाई.”

पाठ फटीकडे होती म्हणजे तोंड बाळाकडे होते. त्याला खोकला आला की तो हात वर न्यायचा, पण त्याच हाताने त्याला वरचा दांडाही धरावा लागे.

एका शाळेचे गुरुजी समोर बसले होते. त्यांनी कोटाच्या खिशातून कात्रण काढले. आमच्याच दैनिकाचे होते.

“पेपरात स्पष्ट दिलंय. हा रोग हवेतून पसरतो. कंडक्टर, ती तुटकी पट्टी बांधा काहीतरी करून.”

“गुरुजी, बांधायला माज्याकडं माजा पट्टाच हाय. तो सोडला तर पिरंगुटपातुर लेंगा धरून बसावं लागंल.”

लोक हसले. शेवटी कोणीतरी सुतळी दिली. कंडक्टरने ती फट बांधून टाकली. आईने वहिनीच्या कानांना आणखी एक फडके गुंडाळले आणि बाळाच्या तोंडावर पदर ओढला. सगळे समाधानाने बसले. या माणसांइतका चांगुलपणा मी एका ठिकाणी क्वचित पाहिला आहे. कापलेले वाक्य मला पाठ होते. भूगाव गेले, भुकूम गेले. मी काही बोललो नाही. सरकारचे पत्रक एका बाजूला आणि माझी आई दुसऱ्या बाजूला, असा तो प्रश्न होता.

पिरंगुटला एक धनगर बाई चढली. साठीच्या आसपासची, सडपातळ. पाठीवर घोंगडी, हातात तुपाचे दोन रिकामे डबे. मुळशी धरणाच्या वरच्या पठारावर या लोकांची वस्ती आहे. म्हशी आणि शेरडे पाळतात, तूप विकायला खाली येतात. ती पायरीवरच थांबली.

“ह्यॅ! काय कोंडलंय हे? मोटार हाय का गोठा?”

“मावशे, आत ये, न्हाईतर सोडतो गाडी,” कंडक्टर म्हणाला.

“गोठ्यात बी येवढं कोंडत न्हाई आमी.”

“तुज्या म्हशींनी पेपर वाचला नसंल,” मागून एक जण म्हणाला. हशा पिकला.

“न्हाई वाचला. पर जित्या हायेत.”

मोटार निघाली. बाई मधल्या बाकापर्यंत आली आणि तिला पदराखालचे बाळ दिसले.

“किती दिसाचं?”

“धा,” आई म्हणाली.

“पयलं?”

“तिसरं.”

बाईने बाकावर, आईच्या मांडीवर, पायापाशी पाहिले. दुसरे मूल कुठेच नव्हते. मग तिने गिरणीतल्या माणसाकडे वर पाहिले.

“तुला ताप हाय.”

“हाय थोडा.”

“मग तिच्या डोक्यावर काय करतूयास?”

“वारं अडवतोय, मावशी.”

“वारं अडवतूयास आन् सोताचा खोकला देतूयास.”

तो माणूस गोरामोरा झाला. बाई वाकली आणि कंडक्टरने बांधलेली सुतळी सोडू लागली. आईने तिचे मनगट धरले.

“बाई, हात लावू नगंस. दोन गेलीत आमची. ओल्या बाळंतिणीला वारं लागलं की संपलं. मी ल्हान असताना मानमोडी बघितलीया. घरंच्या घरं गेली.”

मानमोडी म्हणजे अठरा सालची साथ. आमच्या भागात ते नाव मोठ्याने घेत नसत.

बाईने मनगट सोडवले नाही. आईच्या हातात तसेच राहू दिले आणि म्हणाली, “वारं अंगाला नगं, खरं हाय. अंग गुंडाळ, कान बांध, पाय झाक. पर नाकाला पायजे. नाकाला काय देतीयास तू? ह्या समद्यांनी वापरल्यालं?”

आईने हात सोडला. तिला ते पटले असे नाही.

तेव्हा मी बोललो. म्हणालो, खिडकी उघडायचीच तर हिला पुढच्या बाकावर बसवू. गाडी पुढे जाते आहे, तेव्हा वारा पुढून येणार आणि मागे जाणार. ताजी हवा आधी बाळाला मिळेल.

“पावणं शिकल्यालं दिसत्यात,” बाई म्हणाली. मग सगळ्यांकडे वळून, “बिडी हाय का कुणाकडं?”

“घ्या! मावशीला तलफ आली!” मघाचाच तो मागचा माणूस. पण बिडी त्यानेच दिली. ड्रायव्हरच्या पाठीमागे मोठ्या अक्षरांत लिहिले होते की धूम्रपान करू नये. कंडक्टर दारातून बाहेर पावसाकडे पाहत राहिला.

बाईने बिडी ओढली नाही. पेटवून घेतली आणि दोन बोटांत उभी धरली. एकाला पुढचा उजवा पडदा वर गुंडाळायला सांगितला. हवा आली, पाऊस आला, लोक ओरडले. धूर मात्र सरळ वर गेला आणि छताशी घुटमळत राहिला.

“एका भोकानं वारं आत येत न्हाई,” ती म्हणाली. “जायाला वाट द्यावी लागती. मागचा बी उघडा.”

मागचा उजवा पडदाही वर गेला. आम्ही सगळे त्या धुराकडे पाहत होतो. देवळात कौल लावल्यावर पाकळी कुठल्या बाजूची पडते ते पाहतात, तसे. क्षणभर धूर तिथेच डोलला. मग त्याने कल घेतला, आडवा झाला, आणि धाग्यासारखा सलग ओढला गेला. मागे नव्हे. पुढे, ड्रायव्हरच्या दिशेने, आणि पुढच्या उघड्या खिडकीतून बाहेर.

मोटार पश्चिमेला चालली होती आणि तिच्या आतला वारा तिच्याच दिशेने, तिच्याहून वेगाने, पुढे चालला होता. मी वर्षभर त्या मोटारीने ये-जा करत होतो. जन्मभर करत राहिलो असतो तरी शपथेवर उलटेच सांगितले असते.

बाईला नवल वाटलेले दिसले नाही. तिने खात्री करून घेतली. डावा पडदा उघडून पाहिला, तर पाऊस थेट आत आला. तो बंद केला. मागच्या बाकापाशी जाऊन बिडी खाली, गुडघ्यापाशी धरली, मग डोक्याच्या उंचीला. शेवटी मागच्या बाकाचा उजवा कोपरा तिने तळहाताने थोपटला. तिथे पाऊस येत नव्हता. बाहेरची हवा आधी तिथे शिरत होती, मग बाकीच्या मोटारीत जात होती.

“हितं. ऊठ, लेकी.”

वहिनीने सासूकडे पाहिले. मग माझ्याकडे. मग कोणाकडेच न पाहता उठली आणि मागे गेली. बाईने स्वतःची घोंगडी कोरड्या बाजूने तिच्या खांद्यांवर टाकली, पाय झाकले, आणि बाळाच्या तोंडावरचा पदर दोन बोटांनी बाजूला केला.

गिरणीतल्या माणसाला तिने पुढे पाठवले. “तू त्या खिडकीपाशी बस. तुजं तिकडनंच भायेर जाऊ दे. वाईट वाटून घिऊ नगंस.”

“न्हाई मावशी,” तो म्हणाला. पुढच्या खिडकीत तो पौडपर्यंत भिजत बसला, पण तिथून हलला नाही.

गुरुजींनी विचारले, “मावशी, हे तुम्ही कुठं शिकलात?”

“शिकायचं काय त्यात? गोमाशांसाठी गोठ्यात धुरी घालतो आमी. धूर कुटं जातोय त्ये दिसतंय की. आजारी म्हस जिकडं धूर जातो तिकडं बांधायची. रेडकू जिकडनं वारं येतं तिकडं.”

गुरुजींनी कात्रण पुन्हा वाचायला घेतले. मी त्यांच्या शेजारी जाऊन सांगितले की या बातमीत शेवटी आणखी एक वाक्य होते. प्रवासात खिडक्या उघड्या ठेवाव्यात असे.

“तुम्हाला काय माहीत?”

“मीच ते कापले.”

ते रागावतील असे वाटले होते. त्यांनी खिशातून पेन्सिल काढून दिली. “मग खाली लिहून द्या. मला शाळेत वाचून दाखवायचं आहे.” हलत्या मोटारीत, कात्रणाच्या कोऱ्या कडेवर, मी ते वाक्य लिहिले. अक्षर वाईट आले. माझ्या हातून छापून गेलेल्या पुष्कळशा मजकुरापेक्षा ते मला अधिक लक्षात आहे.

पौडला नवे लोक चढले आणि चढल्या चढल्या म्हणाले, पडदे सोडा की, पाऊस येतोय. त्यांना उत्तर द्यायला मोटारीतले सगळेच पुढे सरसावले. सर्वांत मोठा आवाज म्हशींना पेपर वाचायला लावणाऱ्या माणसाचा होता. “वारं मागनं येतंया, पुढं जातंया! बाळंतीण हाय! कळतंय का काय?” नव्यांना काही कळले नाही. पण ते गप्प बसले.

पौडच्या पुढे जिथे गाव नाही, वाट नाही, अशा एका वळणावर बाई उतरली. घोंगडी तिने परत घेतली, डबे उचलले. कंडक्टरला म्हणाली, “माज्या मागनं पडदं आवळू नगा.” डोंगर ढगात होता. ती चढणीला लागली आणि दहा-बारा पावलांत दिसेनाशी झाली. तिचे नाव कोणी विचारले नव्हते.

घरी पोहोचलो तेव्हा वहिनी आणि बाळ ठीक होते. पण हा आजार लगेच कळत नाही, हे मी पत्रकात वाचले होते. तिसऱ्या दिवशी आई तापाने पडली, चौथ्या दिवशी मी. आम्ही दोघे मोटारीत मधल्या बाकावरच राहिलो होतो, तिथे गर्दीत. यातून काही सिद्ध होत नाही. आईला तो ताप सूतिकागृहातून आला असेल, मला कचेरीतून. एका मोटारीवरून नियम काढता येत नाही, एवढे माझ्या धंद्याने मला शिकवले आहे.

आमच्या दोघांच्या खाटा पडवीत टाकल्या. बाळंतिणीची खोली आत होती. तिथेच आधीची दोन्ही मुले गेली होती. दर पावसाळ्यात आई त्या खोलीच्या झरोक्यात गोणपाट कोंबत असे, आणि परसाकडचे दार लावून शेगडी पेटवत असे. आजारी पडण्यापूर्वी तिने या वेळीही गोणपाट कोंबले होते. मी पडवीत पडलो असताना आतून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. मग परसाकडच्या दाराची कडी निघाली.

“कोण उघडतंय गं दार?” आई तापातच ओरडली.

“मी उघडतीया, आत्याबाई,” आतून वहिनी म्हणाली. “आन् गोणपाट बी काढलंय. आता पुन्यांदा कोंबणार न्हाई.”

सात वर्षांत तिने सासूला असे उत्तर दिलेले कोणी ऐकले नव्हते. आई भिंतीकडे तोंड करून रडली. त्या दोन नातवांसाठी ती रडत होती, की उलट बोलणाऱ्या सुनेमुळे, हे मी तेव्हा ठरवू शकलो नाही. आताही नाही.

पुढचे दिवस घरात एकच गोष्ट चालली होती. भाऊ आवणीतून यायचा, चिखलाच्या पायांनी परसदारी उभा राहायचा आणि विचारायचा, “कसं?” वहिनी आतून म्हणायची, “हाय.” दिवसातून चार-पाच वेळा तेवढेच दोन शब्द. सहाव्या दिवशी सकाळी बाळ शिंकले. एकदा, मग पुन्हा. परसदारी भाऊ होता, पडवीत आम्ही दोघे. कोणीच हलले नाही. वहिनीने बाळाचे कपाळ स्वतःच्या गालाला लावलेले मला दारातून दिसत होते. ती तशीच बसून राहिली. किती वेळ ते सांगता येणार नाही. मग म्हणाली, “थंड हाय. चुलीचा धूर आला असंल.” भावाने दाराच्या चौकटीला डोके टेकवले आणि पुन्हा शेतावर गेला.

ताप आला नाही. गावात अनेक घरांत तो येऊन गेला. काही म्हातारी माणसे गेली. आमच्या आतल्या खोलीत तो शिरला नाही.

मी बरा झालो, आई माझ्यानंतर दोन दिवसांनी. तरीही ती आत जाईना. उंबऱ्याच्या बाहेर, पडवीच्या जमिनीवर बसायची आणि लांबून पाहायची. वहिनीने दोन वेळा बोलावले. आई म्हणायची, “ऱ्हाऊ दे अजून. माजं अजून साफ झालं नसंल.” नवव्या दिवशी दुपारी वहिनी स्वतःच बाहेर आली आणि काही न विचारता मुलगी तिच्या मांडीवर ठेवली.

आईने तिला हात लावण्यापूर्वी मान फिरवली आणि अंगणाकडे तोंड करून श्वास सोडला. मग वाकून पाहिले. पुन्हा मान फिरवली, श्वास सोडला, पुन्हा वाकली. असे तिने बऱ्याच वेळा केले. मुलगी झोपलेली होती. तिच्या नाकपुड्या तांदळाच्या दाण्याएवढ्या होत्या आणि त्या हलत होत्या. आत, बाहेर. दोन नातवंडे मांडीवर गेलेली माझी आई, जन्मात पहिल्यांदा पाहावा तसा तो श्वास पाहत होती.

“घेतीया गं,” ती सुनेला हळूच म्हणाली. “नीट घेतीया.”